लक्ष्मीपुरीत घेतलेला जनुकशास्त्राचा संच: मणी भारी, पुस्तिका अर्धवट

बारावी बायोलॉजीच्या शिकवण्या घेणाऱ्यांसाठी लिहितेय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत शाळा-कॉलेजांना प्रयोगाचं साहित्य पुरवणारं एक दुकान आहे, तिथून १,२५० रुपयांना हा संच घेतला. खोक्यात पिवळे-हिरवे मणी आणि दोन कापडी पिशव्या, डीएनएचं जोडायचं मॉडेल आणि शास्त्रज्ञांची एक पातळ पुस्तिका.

निम्मे पैसे मण्यांतच वसूल होतात. दोन्ही पिशव्यांत निम्मे पिवळे, निम्मे हिरवे. प्रत्येकीतून न बघता एकेक मणी काढायचा, जोडी लिहायची, मणी परत टाकायचे. जोडीत एक जरी पिवळा असला तरी वाटाणा पिवळा. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचं ३:१, म्हणजे तीन पिवळ्यांमागे एक हिरवा, फळ्यावर लिहिलं की पोरं माना डोलावतात आणि परीक्षेत घोळ घालतात. इथं पहिल्याच फेरीत पिवळे-हिरवे जवळपास निम्मे-निम्मे आले आणि एकजण ओरडला, "मॅडम, मेंडेलचं चुकलं की!" अख्ख्या बॅचच्या जोड्या एकत्र मांडल्या तेव्हा आकडा तीनाकडं सरकला. मेंडेलचे खरे आकडे पुस्तिकेत आहेत: ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. ब्रनोच्या मठातल्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यानं सुमारे २८,००० रोपं का तपासली, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. पिशव्यांचं कापड मात्र इतकं विरविरीत की आतला रंग दिसतो, आणि आमची पोरं मुद्दाम हिरवे वेचतात! मी सरळ स्टीलचे उभे डबे घेतले.

मॉडेलमध्ये डीएनएच्या चार घटकांचे (ए, टी, जी, सी) तुकडे आहेत: ए-टीच्या तुकड्यांना दोन खुंट्या, जी-सीच्या तुकड्यांना तीन. चुकीची जोडी लावायला गेलं तर बसतच नाही. ए जेवढा तेवढाच टी आणि जी जेवढा तेवढाच सी, हे चारगाफ या शास्त्रज्ञानं मोजून दाखवलं होतं. ते असं का, हे बोटांना कळतं. पण जोडणीच्या कागदावरचं चित्र साफ चुकलंय. ते बघून मुलांनी शिडी पिळली आणि उद्यमनगरात वडलांचं लेथ असलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे लेफ्ट आट्याचं झालं की." बरोबर बोलला. आपल्या पेशींतला नेहमीचा डीएनए साध्या स्क्रूसारखा, उजव्या पिळाचा असतो. उलट दिशेनं पिळलं की मॉडेल नीट उभं राहतं. तेव्हा तो कागद पोरांच्या हातात देऊच नका.

आता पुस्तिका. मेंडेलची पानं चांगली. १८६५ साली त्यानं व्याख्यानं दिली, १८६६ला निबंध छापला, तो १८८४ला गेला आणि १९००मध्ये द व्हरीस, कॉरेन्स आणि चेरमाक यांनी त्याचं काम पुन्हा वर आणलं, हे सगळं नीट क्रमानं दिलंय. माश्यांवर जनुकांचे प्रयोग करणाऱ्या मॉर्गनची १९१०मधली पांढऱ्या डोळ्यांची माशी आहे, पण १९१३ला जनुकांचा पहिला नकाशा काढणारा त्याचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट नाही. विशीतल्या पोरानं केलेलं काम पोरांना सांगायचं नाही तर कुणाला? आणि बायका! १९०५ साली भुंगेऱ्याच्या नराचं ते छोटं, वाय गुणसूत्र ओळखणारी नेटी स्टीव्हन्स गायब. रोझलिंड फ्रँकलिनला एक ओळ, डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन-क्रिकला दोन पानं. तिच्या प्रयोगशाळेतला १९५२चा डीएनएचा एक्स-रे फोटो तिच्या परस्पर वॉटसनला दाखवला गेला, याचा उल्लेखही नाही. वॉटसन-क्रिकच्या १९६२च्या नोबेलच्या वेळी ती हयातच नव्हती.

जनुकांची सांकेतिक भाषा उलगडणारे खोराना आहेत, १९६८च्या नोबेलसह. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ नाहीत, आणि हे कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या संचाला शोभत नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं, उसाचा मक्याशीसुद्धा संकर करून पाहिला. माझ्या बॅचमधल्या निम्म्या घरांत ८६०३२ नाहीतर फुले २६५ जातीचा ऊस लावलेला असतो. माणसाची गुणसूत्रं ४६ आणि शेतातल्या उसाची शंभराच्या वर, एवढं सांगितलं तरी कागलहून येणारी पोरं मान वर करून बघतात. जानकी अम्माळांचं पान मी स्वतः टाइप करून झेरॉक्स मारलं आणि पुस्तिकेत चिकटवलं.

शिकवणीसाठी घ्यायला हरकत नाही. एकट्या मुलाला घरी द्यायला नको, मण्यांचा खेळ चारचौघांतच रंगतो. खुंट्या पटकन तुटतात आणि सुटे तुकडे मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो अख्खा संच घ्या. दोन संच एकदम घेतले तर शंभर-दीडशे कमी करतो, तेवढं मागून घ्या.