स्पेक्ट्रल गॅमा आणि एलिमेंटल लॉग सर्व्हिस: घ्या, पण रॉ स्पेक्ट्रम मागून घ्या

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

बोअरवेलमध्ये टूल उतरवून खडकांचं नैसर्गिक रेडिएशन मोजतात तो साधा गॅमा लॉग एकूण रेडिएशन किती तेवढंच सांगतो, कशातून येतंय ते नाही, आणि लोक फसतात ते इथेच. आमच्या एका झोनला गॅमा चांगलाच चढलेला, बघणारा कोणीही शेल (चिकणमातीचा खडक) म्हणून सोडून देईल, पण स्पेक्ट्रल, म्हणजे गॅमा ऊर्जेनुसार वेगळा करून दाखवणारं, चालवलं तर थोरियम अगदीच कमी आणि सगळा भार पोटॅशियमवर, म्हणजे फेल्डस्पारवाली वाळू! अर्थात मड (ड्रिलिंगचा द्रव) केसीएलचं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं, असतं तर मी एवढ्यात खूश झालो नसतो, कारण मडमधलं पोटॅशियमही त्याच १.४६ एमईव्हीला (एमईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) दिसतं. युरेनियम-थोरियमची गंमत म्हणजे ते स्वतः दिसतच नाहीत, त्यांची नातवंडं-पतवंडं दिसतात, १.७६ ला बिस्मथ-२१४ आणि २.६१ ला थॅलियम-२०८, त्यावरून वरच्यांचा हिशोब लावायचा.

पण नैसर्गिक गॅमात हे तीनच. सिलिकॉन, कॅल्शियम, लोह, गंधक हवं तर न्यूट्रॉनचा मारा करावा लागतो, आणि मला खरी दाद द्यायचीय ती ह्या टूलला. कार्बनची रेषा ४.४३ ला आणि कॅल्शियमची ४.४२ ला, म्हणजे डिटेक्टर कितीही भारी घ्या, ह्या दोन वेगळ्या दिसणारच नाहीत. पण कार्बनचा गॅमा १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन आदळला की लगेच सुटतो आणि कॅल्शियमचा न्यूट्रॉन मंदावून शोषला गेल्यावर, त्यामुळे न्यूट्रॉनचा पल्स चालू असतानाचा स्पेक्ट्रम वेगळा आणि बंद झाल्यावरचा वेगळा घेतला की दोघं सुटे होतात. चुनखडीत ऑरगॅनिक कार्बन काढायचा तर हे लागतंच, कारण एकूण कार्बनमधून कॅल्साइटचा (चुनखडीच्या मुख्य खनिजाचा) वाटा वजा करायचा असतो.

आता स्टार कापला त्याबद्दल. कंपनीने आधी फक्त खनिजांच्या टक्केवारीची रंगीत पट्टी पाठवली, स्पेक्ट्रम नाही, एररचा कर्व्ह नाही, मागून मागून थकलो तेव्हा मिळालं. डोलोमाइटचे (मॅग्नेशियमवाल्या कार्बोनेटचे) आकडे छातीठोकपणे छापलेले, आणि मॅग्नेशियमचा सिग्नल मुळातच कमजोर असतो हे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणजे नवीन माणूस ते आकडे तसेच्या तसे मॉडेलमध्ये टाकणार.

आणि हो, रिगचा वेळ वाचवायला टूल ओढायचा स्पीड वाढवू म्हणाले तर सरळ नाही सांगा, काउंट कमी पडले की कर्व्ह नुसते थरथरतात आणि रिपीट सेक्शन (पडताळणीसाठी दुसऱ्यांदा मोजलेला भाग) जुळत नाही.