जुन्या बेड्यांचा संग्रह: सुरुवात हातकडीने करावी की पायबेडीने?

हा छंद नव्याने लागलेल्या माणसाला पायबेडी आधी खुणावते. ती जड असते, लांब साखळीची असते आणि भिंतीवर उठून दिसते. तरीही पहिली खरेदी हातकडीची करा, तीही चालू किल्लीसकट, असं माझं ठाम मत आहे.

हातकड्यांमध्ये मुख्य निवड दोन प्रकारांतून करायची असते. पहिला प्रकार डार्बी. दोन कड्या, मधे साखळीचे थोडे दुवे आणि प्रत्येक कडीला नळीसारखं कुलूप. साध्या डार्बीचं माप ठरलेलं असतं, मनगट बारीक असो की जाड. तिची किल्ली पोकळ असून आतून आटे पाडलेले असतात. कुलपातल्या खिट्टीच्या टोकालाही आटे असतात. किल्ली त्यावर चढवत गेलं की स्प्रिंग दबते, खिट्टी मागे ओढली जाते आणि कडी सुटते. शेवटच्या फेऱ्यांना बोटांना जाणवणारा तो ताण हेच जिवंत कुलपाचं लक्षण. किल्ली नुसती गरगर फिरत राहिली, तर आटे झिजलेत किंवा किल्ली दुसऱ्याच कडीची आहे. बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीने अशा हातकड्या पिढ्यानपिढ्या बनवल्या. काही डार्बी कड्या योग्य जागी आपटल्या की किल्लीशिवाय उघडतात, हे बेड्यांतून सुटण्याचे खेळ करणाऱ्या हुडिनी या जादूगाराने स्वतःच लिहून ठेवलंय. पण तुमच्याकडची कडी कृपा करून आपटून पाहू नका.

दुसरा प्रकार दातेरी, मनगटाप्रमाणे आवळता येणारा. अमेरिकेत अ‍ॅडम्सने 1862 मध्ये अशा हातकडीचं पेटंट घेतलं. पुढे टॉवर या हातकड्या बनवणाऱ्याने 1879 मध्ये दुहेरी कुलूप आणलं. त्यामुळे दाते आणखी आत सरकत नाहीत आणि पातळ पट्टी सारून कडी उघडणंही अवघड होतं. अशा हातकड्यांवर बऱ्याचदा पेटंटची तारीख ठोकलेली असते, म्हणून त्या ओळखायला सोप्या. मात्र ती तारीख म्हणजे बनवल्याचं साल नव्हे, तोच ठसा पुढे वर्षानुवर्षं वापरला जायचा. 1912 च्या पेटंटनंतर आलेल्या पीअरलेस कंपनीच्या हातकडीची दातेरी फिरती कमान कडीतून आरपार जाते. आजच्या हातकडीचं रूप तिथूनच आलं. यंत्रणा समजून घ्यायची असेल तर डार्बी घ्या, एकाच वस्तूची बदलत गेलेली रूपं जमवायची असतील तर दातेरी.

आता पायबेडी. टॉवर किंवा डार्बी पद्धतीची पायबेडी म्हणजे तीच यंत्रणा, माप मोठं आणि साखळी लांब. ती निर्धास्त घ्यावी, पण हातकडी ओळखता यायला लागल्यावर. खरी फसगत होते ती प्रसिद्ध तुरुंगाचं नाव कोरलेल्या बेड्यांत. माझी पहिली बेडी अशीच होती. तिच्यावर ‘युमा टेरिटोरियल प्रिझन’ असं अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या जुन्या तुरुंगाचं नाव ठळक अक्षरांत होतं आणि मी त्या अक्षरांवरच भाळलो. घरी आणून भिंगाखाली धरली तेव्हा कडेने साच्याची बारीक रेघ दिसली. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होता आणि अक्षरं ठोकलेली नसून लोखंडासोबतच ओतलेली होती. सोपी खूण अशी: ठोकलेल्या अक्षराच्या कडा रेखीव, तीक्ष्ण असतात, ओतलेल्या अक्षराच्या कडा गोलसर, मऊ दिसतात. तुरुंगाचं नाव जितकं गाजलेलं, तितका संशय जास्त घ्यावा.

लोहाराने रिव्हेट ठोकून बंद केलेल्या, किल्ली नसलेल्या बेड्यांचं तर साल सांगणंच कठीण. त्यात ‘गुलामांच्या बेड्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपासून मी लांब राहतो. एक तर नकला फार. आणि खरी असेल तर ती कुणाच्या तरी पायाचं कातडं सोलवटून आलेली असते. 1700 मध्ये बुडालेल्या ‘हेन्रिएटा मरी’ या गुलामवाहू जहाजाच्या अवशेषांत 80 हून जास्त बेड्यांचे जोड सापडले, त्यातले काही लहान मापाचे. अशी वस्तू माझ्या कपाटात नको, तिची जागा संग्रहालयात, तिच्या इतिहासाशेजारी.

निगा दोन्हींची सारखीच: मऊ ब्रश, पातळ तेल, वर मेणाचा हलका थर. चकचकीत घासू नका, गंजाबरोबर ठसेही जातात. आणि किल्ली हातात घेऊन, कडी मनगटाबाहेर ठेवून, निदान चार वेळा उघडून-लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.