लिंकन सेंटचा पुठ्ठ्याचा फोल्डर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुनी अमेरिकी नाणी जमवायची असे ठरवल्यावर मी पहिल्यांदा तीन वस्तू घेतल्या: १९०९ ते १९४० या काळातील लिंकन सेंटसाठीचा (म्हणजे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनचे चित्र असलेल्या एक सेंटच्या नाण्यांसाठीचा) घडीचा पुठ्ठ्याचा फोल्डर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. न्यू जर्सीत राहून गेले नऊ महिने जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी या तिन्हींचा वापर केला आहे. विशेषतः पहिलेच नाणे म्हणून चांदीचा मॉर्गन डॉलर घ्यायला निघालेल्यांनी हा अनुभव वाचावा, अशी माझी इच्छा आहे. २६.७३ ग्रॅम वजनाचे ते नाणे फार देखणे आहे यात शंका नाही. पण त्याच्या बनावट प्रती बाजारात भरपूर आहेत आणि नजर तयार झालेली नसताना त्या ओळखता येत नाहीत. नजर तयार करण्यासाठी एक सेंटचे तांब्याचे नाणे पुरते, आणि चूक झाली तरी ती स्वस्तात पडते.

लिंकनच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ मध्ये हे नाणे निघाले. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी त्याची रचना केली. १९५८ पर्यंत त्याच्या मागच्या बाजूवर गव्हाच्या दोन ओंब्या होत्या, म्हणून संग्राहक त्याला ‘व्हीट सेंट’ म्हणतात. फोल्डरमध्ये प्रत्येक वर्षासाठी आणि प्रत्येक टांकसाळीसाठी वेगळी खाच असते. वर्षाखाली ‘डी’ असेल तर नाणे डेन्व्हरचे, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचे, आणि काहीच नसेल तर फिलाडेल्फियाचे. आपल्या रुपयाच्या नाण्यावर वर्षाखाली असणारी मुंबई टांकसाळीची चौकटीची खूण ज्यांनी कधी निरखून पाहिली असेल, त्यांना ही पद्धत लगेच कळेल.

माझ्या फोल्डरमध्ये खाचेखाली त्या वर्षी किती नाणी पाडली गेली तो आकडाही छापलेला आहे, आणि या वस्तूचा सर्वांत मोठा गुण मला तोच वाटतो. १९१९ च्या फिलाडेल्फियाच्या खाचेखाली ३९ कोटींहून मोठा आकडा आहे, तर १९३१ च्या ‘एस’ खाली केवळ ८ लाख ६६ हजार. दोन्ही नाणी हातात घेतली तर सारखीच दिसतात. पहिले मला सुट्या नाण्यांच्या डब्यातून किरकोळ किमतीला मिळाले आणि दुसऱ्यासाठी चांगले पैसे मोजावे लागले. नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही, हे मी आधी वाचले होते. पण रिकामी खाच आठवड्यामागून आठवडे समोर राहिली, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने समजले.

फोल्डरचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत. काही खाचा इतक्या घट्ट आहेत की नाणे अंगठ्याने दाबून बसवावे लागते, आणि तो दाब नेमका लिंकनच्या गालावर, म्हणजे झीज सर्वांत आधी दिसते तिथे पडतो. मी आता मऊ कापड मध्ये धरतो आणि नाणे नेहमी कडेने उचलतो. दुसरे म्हणजे खाचेत बसलेल्या नाण्याची एकच बाजू दिसते. १९०९ च्या सुरुवातीच्या नाण्यांवर ब्रेनर यांची ‘व्ही. डी. बी.’ ही आद्याक्षरे मागच्या बाजूला तळाशी होती आणि टीकेनंतर काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. ज्या खुणेसाठी आपण जास्त पैसे दिले, तीच पुठ्ठ्याकडे तोंड करून राहते. म्हणून थोडी मोलाची नाणी मी पारदर्शक खिडकीच्या चौकोनी पुठ्ठ्यात ठेवतो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे मात्र कोणीही वापरू नयेत. कालांतराने त्यांचा हिरवट, चिकट थर नाण्यावर चढतो.

दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. घरात तांब्याची भांडी चिंच-मिठाने लखलखीत होताना लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे मी १९१२ चा एक काळपट सेंट तसाच घासून काढला. तो गुलाबी, मुलायम आणि निर्जीव दिसू लागला, आणि नाण्यांच्या प्रदर्शनात एका वयस्कर विक्रेत्याने तो लांबूनच ओळखला. तांब्यावर शंभर वर्षांत चढलेला तपकिरी रंग हा नाण्याचाच भाग असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. नाणी कधीही घासून साफ करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भिंगाचे मोल मला १९१४ च्या ‘डी’ नाण्यामुळे कळले. ही नाणी ११ लाख ९३ हजारच पाडली गेली, त्यामुळे १९४४ च्या ‘डी’ नाण्यातला पहिला चार कोरून त्याचा एक करण्याचा उद्योग बराच जुना आहे. ओळखण्याची खूण लिंकनच्या खांद्याच्या कडेशी सापडते. ब्रेनर यांची आद्याक्षरे १९१८ मध्ये तिथे परत आली, म्हणून १९४४ च्या नाण्यावर ती असतात आणि खऱ्या १९१४ च्या नाण्यावर असूच शकत नाहीत. शिवाय कोरलेल्या नाण्यात नऊ आणि एक यांच्यामधली जागा जास्त रुंद दिसते. मला स्वस्तात देऊ केलेल्या एका नाण्यावर ती अक्षरे पुसट, पण निश्चित दिसली आणि मी ते परत दिले. मात्र अक्षरे नाहीत एवढ्यावरून नाणे खरे ठरत नाही, कारण ती घासून काढता येतात.

काट्याचा उपयोग तुलनेने कमी झाला. १९८२ मध्ये सेंट तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचा झाला आणि वजन ३.११ वरून २.५ ग्रॅमवर आले, त्यामुळे त्या वर्षाची दोन्ही प्रकारची नाणी वेगळी काढायला तो लागतो. त्याच्या जोडीला साधे लोहचुंबक ठेवावे. युद्धासाठी तांबे वाचवायला १९४३ मध्ये सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचे काढले गेले. त्या वर्षाचा तांबूस सेंट कोणी दाखवला आणि तो चुंबकाला चिकटला, तर तो तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी सेंट आहे.

नाणी मिळवण्याचे दोन मार्ग मी वापरून पाहिले. बँकेतून २५ डॉलरची पेटी आणली, म्हणजे ५० गुंडाळ्यांत अडीच हजार सेंट. त्यांत ओंब्यांचे फक्त नऊ निघाले, पण प्रत्येक वेळी झालेला आनंद खरा होता. ‘कोणी न तपासलेली’ म्हणून विकली जाणारी पिशवीही घेतली. तीत एकही दुर्मिळ वर्ष नव्हते आणि बहुतेक नाणी चाळिशी-पन्नाशीच्या दशकांतली होती. ती पुन्हा घेणार नाही. प्रदर्शनातल्या टेबलावर बसून एकेक नाणे निवडणे मला सर्वांत समाधानकारक वाटते.

सध्या फोल्डरमध्ये अकरा खाचा रिकाम्या आहेत. त्यांतल्या सात मी येत्या वर्षात हळूहळू भरीन. १९०९ चे ‘एस व्ही. डी. बी.’, ज्याची संख्या अवघी ४ लाख ८४ हजार आहे, १९१४ चे ‘डी’ आणि १९२२ चे ठशाच्या झिजेमुळे ‘डी’ न उमटलेले नाणे, ही तीन मी सुटी घेणार नाही. तज्ज्ञांनी तपासून बंद डबीत दिलेलीच घेईन, आणि तशी डबी फोल्डरच्या खाचेत बसत नसल्यामुळे त्या जागा रिकाम्याच राहतील. उरलेली अकरावी १९१२ ची आहे. तो घासलेला सेंट मी काढून वेगळा ठेवला असून, त्या वर्षाचा तपकिरी सेंट शोधतो आहे.