रेशन कार्डावरचे कटलेले नाव जोडून देतो म्हणणाऱ्याच्या मशीनवर अंगठा ठेवू नका

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि आमची शिधापत्रिका प्राधान्य कुटुंब योजनेतील आहे. तिच्यावर पाच नावे असल्यामुळे माणशी ५ किलोप्रमाणे दरमहा २५ किलो धान्य मिळायचे आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दिवाळीनंतर मात्र कंट्रोलच्या दुकानातून १५ किलोच हाती आले. दुकानदाराला विचारले तेव्हा "वरूनच कमी झालं" एवढेच उत्तर मिळाले. आजी आणि धाकटा भाऊ यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, झालेली नसल्यामुळे त्यांचे धान्य थांबले होते, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. जन्मभर कापूस वेचून आजीच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत, त्यामुळे तिचा अंगठा दुकानातले ई-पॉस मशीन घेतच नाही. भाऊ कामासाठी चाकणला असतो. हे कारण दुकानातच कळले असते, तर पुढचा प्रकार घडला नसता असे माझे स्पष्ट मत आहे.

तालुक्याच्या आठवडी बाजारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर लॅपटॉप आणि अंगठ्याचे छोटे मशीन घेऊन बसलेल्या माणसाने आईला हाक मारली. "काकू, ऑनलाइनमध्ये नाव कटलं असेल, आत आपली ओळख आहे, पुढच्या महिन्यात पूर्ण राशन सुरू होऊन जाईल," असे म्हणून त्याने नावामागे पाचशे रुपये, आधार कार्डांची झेरॉक्स आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स घेतली. मग त्याने आईचा अंगठा मशीनवर ठेवायला लावला आणि "रेंज नाही आहे, पुन्हा ठेवा," असे म्हणत तो पुन:पुन्हा घेतला. वास्तविक आईची ई-केवायसी आधीच झालेली होती. तिच्या अंगठ्याची गरजच नव्हती. शेवटी त्याने नाव जोडल्याची म्हणून एक छापील पावती दिली. तिच्यावर अस्पष्ट गोल शिक्का होता, तारीख नव्हती आणि आरसी क्रमांक (रेशन कार्डाचा क्रमांक) अकरा अंकी होता. खरा क्रमांक बारा अंकी असतो.

पुढच्या महिन्यातही धान्य १५ किलोच मिळाले. आई लाडकी बहीण योजनेचे पैसे काढायला बँकेत गेली, तेव्हा पासबुकावर त्याच बाजाराच्या दिवशी लागोपाठ पैसे काढल्याच्या नोंदी छापून आल्या. खात्यातले साडेनऊ हजार रुपये गेले होते. आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच पुरते. ओटीपी लागत नाही, म्हणून एटीएम कार्ड नसलेली माणसेही यात सापडतात. रेंज नसल्याचे सांगून घेतलेला अंगठा पैसे काढण्यासाठी होता. आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेत लेखी अर्ज दिला आणि पोलीस ठाण्यात ती पावती जमा केली. तो माणूस नंतर बाजारात कोणाला दिसला नाही आणि पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

धान्याचा प्रश्न मात्र एक रुपयाही न देता सुटला, याची मला जास्त चीड येते. ई-केवायसी रास्त भाव दुकानात होते आणि तिला शुल्क नाही. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आम्ही लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घालून घेतली. त्यानंतर आजीच्या डोळ्यांचे स्कॅनिंग करून तिची ई-केवायसी झाली. भावाला गावी यावे लागले नाही, त्याने चाकणच्याच एका रास्त भाव दुकानात ती करून घेतली. धान्य कमी आले, तर आधी पावतीवरचे किलो कार्डावरील नावांशी ताडून पाहावे, कोणाचे नाव कोणत्या कारणाने थांबले हे पुरवठा शाखेला लेखी विचारावे आणि १९६७ किंवा १८००-२२-४९५० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. बुडालेल्या महिन्यांसाठी आमचा अर्ज त्याच आधारावर आहे.

अंगठा कोठे फसवून घेतला गेल्याची शंका असेल, तर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक त्याच दिवशी लावावे. हे लॉक असताना कंट्रोलच्या दुकानातही अंगठा चालत नाही, म्हणून दुकानात अंगठा ठेवण्याच्या अगदी आधी ते तात्पुरते उघडावे लागते. आईसाठी आता मी ते दर महिन्याला उघडतो.