ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणि एसएटीची गाइडं : दिवाळीपासूनच्या वापरानंतर

परवा एसएटीच्या (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेच्या) सराव परीक्षेत पोरीचा येत असलेला प्रश्न पुन्हा कॅल्क्युलेटरच्या त्या वजाच्या बटणापायी गेला, म्हणून लिहायला बसलो.

कॅल्क्युलेटर सेकंडहँड, प्रतापनगरच्या एका मुलाकडून साडेचार हजारांत घेतला. स्क्रीन रंगीत, चार्जिंग टिकतं, आलेख सुरेख. बाकी फीचर्स तुम्हाला माहीतच असतील. माझा राग एकाच गोष्टीवर आहे : वजाबाकीचं बटण वेगळं, ऋण चिन्हाचं वेगळं. घाईत −३ + ८ करताना वजाबाकीचं दाबलं गेलं, की तीन आधीच्या उत्तरातून वजा होतात. आधीचं उत्तर २० असेल तर ५ ऐवजी थेट २५! एरर दाखवली असती तर निदान कळलं तरी असतं.

एसएटी ज्यात देतात त्या ब्लूबुक ॲपमध्ये डेसमॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर फुकट मिळतो, आणि तिथे एकच वजा दोन्ही कामं करतं. क्ष² − ६क्ष + क = ३ याला एकच उत्तर हवं, तर क किती? डेसमॉसमध्ये क चा स्लायडर सरकवत न्या. क १२ झाला की पॅराबोला ३ च्या रेषेला बरोबर टेकतो. ३५ मिनिटांत २२ प्रश्न सोडवायचे असताना ही फार मोठी मदत आहे. नुसत्या एसएटीसाठी मी आता कोणालाही वेगळा कॅल्क्युलेटर घ्यायला सांगणार नाही. तरी घ्यायचाच असेल तर सीएएसवाला (अक्षरांतली समीकरणं स्वतःच सोडवून देणारा) नको, तो परीक्षेत चालत नाही.

गाइडांचं म्हणाल तर बर्डीच्या बाजारातून आणलेलं जाडजूड गाइड जुन्या कागदी पॅटर्नचं निघालं. त्यात २५ मिनिटांत २० प्रश्नांचा बिनकॅल्क्युलेटरचा विभाग आहे; डिजिटल एसएटीत तो उरलाच नाही. दुकानदार परत घेईना, चांगलाच वाद झाला. पण पोरगी एमएचटी-सीईटीही देते आहे. तिथे ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, कॅल्क्युलेटर बंद. वरच्याच गणितात तिथे एकच उत्तर यावं म्हणून विवेचक शून्य धरून ३६ = ४(क − ३) हातानेच मांडावं लागतं. त्यामुळे तोच टाकाऊ विभाग ती रोज वेळ लावून सोडवते, आणि आकडेमोडीचा तिचा वेग खरंच वाढला आहे. गाइडाचे पैसे वसूल झाले म्हणेन. एसएटीच्या सरावाला मात्र ब्लूबुकमधले फुकटचे पेपर आणि खान अकॅडमी पुरेसं आहे.

कॅल्क्युलेटर विकायला काढतोय. घेणाऱ्याला ती दोन बटणं आधी दाखवीन.