बाळाच्या झोपेसाठी तळपायाचे पॉइंट दाबायचे का मालिशच बरी?

सध्या मोबाइलवर तळपायाचं एक रंगीत चित्र लय फिरून राहिलं. अंगठा म्हणजे डोकं, बोटांखालचा फुगीर भाग म्हणजे छाती, मधली खोलगट जागा पोट, टाच म्हणजे कंबर, अन् हे पॉइंट दाबले का लेकरू रात्रभर झोपते म्हणे. इकडे सासूबाईचं म्हणणं का मालिशवाली बाई लावा, बाकी काही खूळ नको. घरात दीड-दोन महिन्यांचं लेकरू अन् रात्री एक वाजता सगळं घर जागं, अशा घरानं यातलं काय धरावं हे सांगते.

पहिले झोपेचं समजून घ्या. तीन महिन्यांपर्यंतचं लेकरू चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपतेच, फक्त तुकड्या-तुकड्यानं, कारण पोट एवढुसं, दर दोन-तीन तासांनी भूक लागते, अन् दिवस कोणता रात्र कोणती हे त्याच्या शरीराला बसायला तीन-चार महिने जातात. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते, मग आपोआप उतरते. म्हणून दीड महिन्याला कोणी पॉइंट दाबणं सुरू केलं का तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "फरक पडला ना वो" म्हणणारच. मालिशवालीलाही हे श्रेय असंच फुकटात भेटते, ते पण खरं.

आता पॉइंटवाल्यांचं पाहू. हजारो वर्षांचं शास्त्र आहे असं सांगतात, पण आपल्याला जो नकाशा दाखवतात तो अमेरिकेतला. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं 1917 च्या सुमारास अंगाचे उभे दहा पट्टे मांडले, अन् 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईनं ते सगळे तळपायावर उतरवले. तळव्यातून आतड्याला जोडलेली खास नस वगैरे शरीरात काही सापडत नाही, अन् दोन चार्ट शेजारी ठेवून पाहा, जागासुद्धा जुळत नाहीत. एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकानं 2009 मध्ये रिफ्लेक्सॉलॉजीच्या, म्हणजे याच पॉइंट दाबण्याच्या, 18 चाचण्या तपासल्या तर कोणत्याच आजारावर खात्रीनं उपयोग दिसला नाही. पोटात मुरडा येऊन रडणाऱ्या बाळांवर तुर्कस्तानात 2018 चा एक छोटा अभ्यास आहे, त्यात रडणं कमी झालं म्हणतात, पण तेवढ्यावरून झोपेचा गॅरंटी कार्ड काऊन फाडायचा?

अन् व्हिडिओत एक गंमत असते. लेकराच्या बोटांच्या बुडाशी अंगठा टेकवला का ते पाचही बोटं मुडपून अंगठा धरते, अन् तळव्याच्या बाहेरच्या कडेनं टाचेकडून वर ओढलं का बोटं पंख्यासारखी फाकतात. व्हिडिओवाली म्हणते पाहा, पॉइंट अॅक्टिव्ह झाला! तो जन्माचा रिफ्लेक्स आहे, म्हणजे आपोआप होणारी हालचाल, सगळ्याच लेकरांना असते, वर्ष-दोन वर्षांत जाते.

मालिशीची बाजू जड आहे, पण तीही सगळी चांगली नाही. बाई पाटावर बसते, पाय लांब करते, लेकराला नडग्यांवर पालथं घेते, तेल कोमट करून पाठ, मांड्या, मग उताणं करून छाती-पोट, अन् शेवटी एकेक पाय हातात धरून अंगठ्यानं तळवा टाचेपासून बोटांपर्यंत घासते. म्हणजे तुमचे पॉइंट त्यात येऊनच गेले, फक्त नावं न घेता. दिल्लीत 125 बाळांवर चार आठवडे तेलाची मालिश करून पाहिली होती, 2000 मध्ये छापून आली, त्यात मालिशीनंतरची झोप वाढली अन् तिळाच्या तेलाचा गट सगळ्यात पुढे होता. आपल्याकडे तीळ, खोबरेल दोन्ही घरात असते, वेगळं बेबी ऑइल घ्यायची गरज नाही. वाईट काय, तर काही बाया नाक ओढतात, कानात-नाकात तेल सोडतात, छाती पिळतात, वरून ओवा-वावडिंगाची धुरी. हे सगळं बंद करायला सांगा, बाई रुसली तर रुसू द्या. दूध पाजल्या-पाजल्या मालिश नको, अन् बांगड्या-नखं पाहून घ्या.

निवड करताना लोक एक गोष्ट पाहतच नाहीत, ती म्हणजे वेळ. बाई येते सकाळी आठ-नऊला. मालिश, ऊन पाणी, अन् लेकरू दुपारपर्यंत ढाराढूर. तुम्हाला पाहिजे रात्रीची झोप! पाय चोळणं मात्र रात्री आठलाही होते, बाप करू शकतो, आजोबा करू शकतो, चूल पेटवायची नाही, पाणी तापवायचं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लेकराला उघडं न करता नुसते पाय बाहेर काढता येतात, अन् मे महिन्यात 45 डिग्रीच्या दिवसांत रात्री अंगभर तेल चोपडण्यापेक्षा तर पाय कधीही बरे. बाळंतीण थकलेली असली का हे फार मोठं काम आहे. रोज एकाच वेळी, दिवा मंद करून, सावकाश, पाच-दहा मिनिटं, चार्ट न पाहता. हळू गुदगुल्या केल्यासारखं नको, लेकरू पाय ओढते, पूर्ण तळहात टेकवून घासायचं. झोप येते ती रोजच्या ठरलेल्या क्रमानं अन् हाताच्या उबेनं, पोटाच्या पॉइंटनं नाही.

म्हणून माझं मत असं का बाई भेटत असेल अन् समजदार असेल तर सकाळी मालिश चालू ठेवा, रात्री नुसते पाय चोळा. दोन्हीतलं एकच जमत असेल अन् त्रास रात्रीचा असेल तर रात्रीचे पाय. झोपवताना उताणं, जाड गोधडी तोंडाजवळ नको.

एक मात्र, तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध सोडलं, सुस्त पडलं, शांत असताना श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त (दोन महिने झाले असतील तर 50 किंवा जास्त), तर चोळत बसू नका, आशाताईला फोन अन् त्याच रात्री दवाखाना. ती 42 दिवसांपर्यंत घरी येतेच, अन् घरी जाऊन बाळ पाहायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतूनच, डॉक्टर अभय अन् राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या कामातून देशभर गेली, तर तिला विचारायला लाजायचं काय.

पॉइंटचे छापलेले मोजे अन् ऑनलाइन कोर्स घेऊ नका. बाई सव्वा महिन्याला लुगडं-चोळी मागते ते चालते, ती रोज हात तरी लावते. कोर्सच्या पैशात चांगली मच्छरदाणी येते, अन् आपल्याकडे लेकरू रात्री मच्छरानंही उठते.