एक फूट माती सांगितली, निघाली तीन इंच

आमच्या घरी शॅमेलिऑन आहे, म्हणजे रंग बदलणारा सरडा, मादी. लेकीने तिचं नाव शेवंती ठेवलंय. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिच्यासाठी झाडं लावलेला तयार पिंजरा मी ७८० डॉलर मोजून घेतला आणि पुरती फसले. पैसे गेले ते गेलेच, पण त्या पिंजऱ्यापायी शेवंती मरता मरता वाचली. आम्ही डॅलसजवळ राहतो. इथली आपली बरीच मुलं हल्ली असे प्राणी पाळायचा हट्ट धरतात, म्हणून घडलं ते सगळं लिहून काढते आहे.

आधी एक सांगते. आपल्याकडे झाडाझुडपांत दिसणारा घोयरा सरडा वेगळा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. गावाकडे कुणी तो विकायला आणला तर घेऊ नका, वन विभागाला कळवा. शेवंतीची जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगरांतली, डोक्यावर उंच तुरा असलेली. इथे तिची पैदास करून रीतसर विक्री होते. भारतात ही जात ठेवायची असेल तर तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

शेवंती ज्यांच्याकडून आणली ते गृहस्थ सरळ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ही मादी आहे. नर नसला तरी हिला अंडी होणार. ती घालायला हिला किमान एक फूट खोल माती लागेल, आणि तीही बोगदा खणला तर ढासळणार नाही अशी. तशी जागा मिळाली नाही तर ही अंडी पोटातच धरून ठेवील आणि त्यातच जाईल." म्हणून मी पिंजरा शोधायला निघाले तेव्हा पहिला प्रश्न मातीचाच विचारत होते. मी बेसावध होते असं नाही. ज्या गोष्टीची मी सगळ्यात जास्त चौकशी केली, नेमक्या त्याच गोष्टीत मला खोटं सांगितलं गेलं.

सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रदर्शनं इथे वरचेवर भरतात. तशाच एका प्रदर्शनात हा विक्रेता भेटला. चार फूट उंच, दोन बाय दोन फुटांचा पिंजरा. आत फायकस, मनीप्लांट, जास्वंद, बुंध्यापाशी शेवाळ. बघताक्षणी लेक तिथून हलेना. मी विचारलं, माती किती खोल आहे? तो म्हणाला, पूर्ण एक फूट. खाली निचऱ्यासाठी भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, त्यावर झाडाची साल, कोळसा, शेवाळ आणि नेच्याचे तंतू मिसळलेली जिवंत माती. त्यात स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे मातीतले बारीक जीव सोडलेत, ते विष्ठा आणि बुरशी खाऊन टाकतात. मादीला अंडी घालायला चालेल का? "अगदी निर्धास्त राहा," तो म्हणाला. आणि मग त्याने ते वाक्य टाकलं, ज्याचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला. "पहिले तीन महिने माती अजिबात उकरू नका. उकरली तर आतलं सूक्ष्मजीवांचं जग मोडतं."

ऐकायला किती खरं वाटतं! मातीत जीवजंतूंची घडी बसायला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण बोट खुपसून पाहिल्याने कुठलीही जिवंत माती मरत नाही. विकणारा जर तुम्हाला मातीला हात लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

दुसरी खूण तर माझ्या डोळ्यांसमोर होती. दोन बाय दोन फुटांच्या तळाशी एक फूट माती म्हणजे चार घनफूट. हलक्यात हलकी ओली माती धरली तरी घनफुटाला तीसेक पौंड, म्हणजे नुसत्या मातीचंच वजन सव्वाशे पौंडांच्या घरात जायला हवं. नवऱ्याने आणि त्या माणसाने तो पिंजरा उचलून गाडीत असा ठेवला जणू रिकामी बॅग. मी "सांभाळून, सांभाळून" म्हणत झाडांकडे बघत होते.

पैसे त्याने ओळखीच्या माणसांना पाठवायच्या अ‍ॅपवरून मागितले, कार्ड नको म्हणाला. वर ६० डॉलरना आयसोपॉड-स्प्रिंगटेलचे दोन डबे दिले, ते त्या ७८० मध्येच धरलेत.

एप्रिल बरा गेला. मे महिन्यात मनीप्लांटची खालची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून फवारणी वाढवली. मग बारीक काळी चिलटं आली. जूनमध्ये पिंजऱ्याचं दार उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. काट्याचा आर्द्रतामापक, तोही त्यानेच दिलेला, कायम ५० दाखवायचा, त्यामुळे ओलावा जास्त झालाय हे माझ्या डोक्यात येईना. त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "नवीन मातीत असं होतंच, तीन महिने धीर धरा."

ओलाव्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चुकीची माहिती इथेच सर्वांत जास्त पसरलेली आहे. शॅमेलिऑन म्हणजे जंगलातला प्राणी, त्याला सतत दमट हवा लागते, असं मला सांगण्यात आलं होतं. शेवंतीच्या मुलखात दिवसा ऊन आणि कोरडी हवा असते, रात्री धुकं पडतं. तिला दिवसा ४०-५० टक्के आर्द्रता पुरते. रात्री गारवा आल्यावर ती ८०च्या वर गेली तरी चालते, उलट बरंच. भर दिवसा उष्ण, दमट आणि कोंडलेली हवा मिळाली की छातीत संसर्ग होतो. साठलेलं पाणी ती सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटते. म्हणून पहाटे आणि रात्री फवारायचं, आणि मधल्या वेळात पानं आणि मातीचा वरचा थर सुकू द्यायचा. आमच्या पिंजऱ्याच्या तीन बाजूंना त्याने पारदर्शक पत्रे ठोकले होते, "ओलावा टिकतो" म्हणून. हवा खेळायला वाटच नव्हती.

मापकाची परीक्षा पुढे मी घरच्या घरी केली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवायचे. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. आमचा काटा त्या पिशवीतही ५० वरच बसून होता.

जुलैमध्ये शेवंतीने खाणं सोडलं. दिवसभर ती पिंजऱ्याच्या तळाशी फिरायची. एका कोपऱ्यात उकरायची, थांबायची, दुसऱ्या कोपऱ्यात जायची. चार दिवस हेच. मला बरं वाटत होतं, अंडी घालायची तयारी करतेय म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी ती फांदीवर डोळे मिटून बसलेली दिसली. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. मिटले तर काहीतरी गंभीर आहे.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. तासगावची द्राक्षबाग त्यांनी उभं आयुष्य सांभाळली आहे. त्यांनी दारातून आत हात घातला, चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "अगं, या मातीला वाफसाच नाही. खाली पाणी तुंबलंय. हिच्या मुळाशी वारा कुठाय?" वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण माती ओलीही हवी आणि तिच्यात हवाही खेळती हवी, हे त्या दिवशी नीट उमगलं. "आई, उकरू नका म्हणालाय तो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, विणकामाची सुई घेतली आणि कोपऱ्यात सरळ खाली खुपसली. सुई तीन इंचांवर अडली. दुसरा कोपरा, तीन इंच. मध्यभागी, साडेतीन.

आम्ही शेवंतीला बाहेर काढून माती उपसली. तीन इंच साधी कुंडीची माती, त्यात खताचे पिवळे गोल दाणे आणि पांढरे पर्लाइटचे कण. या जातीचे शॅमेलिऑन पानं खातात, कधी कधी मातीही तोंडात घेतात, त्यामुळे हे दोन्ही त्यांच्या पिंजऱ्यात असताच कामा नयेत. त्याखाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन बोटं काळं, घाण पाणी. मुळं त्यात कुजून शेवयांसारखी लिबलिबीत झालेली. आणि कागदाखाली नऊ इंच थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यातून निघतो तसला, तुकडे करून रचलेला. भाजक्या मातीची एक गोळी नाही, जाळी नाही. तळाला पाणी जायला भोकही नाही. तीन कोपऱ्यांत प्लॅस्टिक फाटलं होतं आणि थर्माकोलवर बारीक, समांतर ओरखडे होते. चार दिवस ती त्या थर्माकोलवर नखं घासत होती. लेकीने ते पाहिलं आणि ती रडायलाच लागली. मलाही तो तुकडा हातात धरवेना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, अजून अंगात ताकद आहे, आजच्या आज तिला खरी जागा द्या. दोन दिवसांत अंडी पडली नाहीत तर शस्त्रक्रिया, आणि ती करूनही वाचेलच असं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पाच गॅलनची बादली आणली. खेळायची धुतलेली वाळू आणि खत नसलेली माती निम्मी निम्मी मिसळली. पाणी किती घालायचं ते सासूबाईंनी हाताने ठरवलं. रव्याचा लाडू वळताना मिश्रण जसं लागतं तसं: मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी सुटू नये, आणि बोट खुपसलं तर भोक तसंच उभं राहावं. बारा इंच भरली, थोपटली, मध्ये सुरुवातीचा खड्डा बोटाने करून दिला. बादलीभोवती चादर टांगली, कारण कुणी बघतंय असं वाटलं तर मादी खणणं अर्धवट सोडते. त्या रात्री घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चादरीच्या फटीतून पाहिलं तर फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. ती आत होती, खोल. रात्रभर आतच राहिली. सकाळी वर आली तेव्हा मातीने माखलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि बोगदा तिने स्वतःच्या पायांनी बुजवून वरून नीट थापलेला होता. पानावर पाणी सोडलं तर किती तरी वेळ पीत राहिली. बादली उपसली तेव्हा चौतीस अंडी निघाली. ताकद यायला तिला दीड महिना लागला.

ते दोन डबेही मग तपासले. ओल्या मातीवर काकडीची चकती ठेवून सकाळी उलटून पाहायची. आयसोपॉड असतील तर खाली जमलेले दिसतात, आणि फुंकर मारली की स्प्रिंगटेलचे पांढरे ठिपके टुणकन उडतात. आमच्या चकतीला फक्त बुरशी आली.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेचं म्हणणं, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, यात चोरी झालेली नाही. टेक्सासात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय जस्टिस कोर्टात लावता येतो, पण समन्स बजावायला समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे एक फोन नंबर आणि अ‍ॅपवरचं टोपणनाव, एवढंच होतं. फोन त्याने केव्हाच उचलायचा बंद केला होता. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार नोंदवली, फोटोंसकट. म्हणून सांगते, एवढी रक्कम देताना कार्डानेच द्या, नाव-पत्ता असलेली पावती घ्या, आणि "एक फूट माती, खाली निचऱ्याचा थर" हे शब्द त्या पावतीवर लिहून घ्या. नाही म्हणाला तर पिंजरा कितीही सुंदर असो, घेऊ नका.

शेवंतीचा आताचा पिंजरा आम्ही स्वतः केला. चारही बाजूंना जाळी, तळाला भोक आणि पाणी पडायला ट्रे, झाडं कुंड्यांतच, आणि अंड्यांची बादली कायम आत. नव्या मातीचा खर्च ६० डॉलरही आला नाही.

ऑक्टोबरमध्ये विक्रीच्या जाहिरातींत मला तसाच पिंजरा दिसला. तेच पारदर्शक पत्रे, तेच शेवाळ, तेच "एक फूट जिवंत माती". खाली एका बाईंनी विचारलं होतं, मादीला चालेल का? मी त्यांना वेगळा निरोप पाठवला: पैसे देण्याआधी एक लांब सुई घेऊन जा आणि चारही कोपऱ्यांत खुपसून पाहा, तो काहीही म्हणाला तरी. शनिवारी दुपारी त्यांचं उत्तर आलं. सुई तीन इंचांवर अडली होती. पिंजरा तिथेच सोडून त्या घरी परतल्या होत्या.